गाओ यानच्या शाळेचा तिसरा मजला

दिल्लीला परतल्यापासून जो भेटतो तो विचारतो, "ग्रेट वॉल पाहिलीस का?" नाही पाहिली. मी बीजिंगला गेलेच नाही. दहा महिने लानचोउमध्ये होते. हे शहर चीनच्या वायव्येला, दोन्ही बाजूंच्या उघड्या डोंगरांमध्ये लांबट पसरलेलं आहे आणि त्याच्या मधून पीत नदी वाहते. नदी खरंच पिवळी आहे, म्हणजे आपल्या चहासारखी. यापेक्षा जास्त वर्णन मला जमणार नाही, कारण त्या दहा महिन्यांतला बहुतेक वेळ मी एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये गाओ यान नावाच्या मुलीबरोबर काढला. सांगण्यासारखं जे काही घडलं ते तिथे घडलं, आणि तिच्या गावी घालवलेल्या पाच दिवसांत.

माझ्याबद्दल थोडं. मी दिल्लीतच वाढले. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत आणि घर लक्ष्मीबाई नगरात, त्यामुळे दाराच्या आत मराठी आणि दाराबाहेर हिंदी. चिनी भाषेत एम.ए. करताना दोन वर्षं विद्यापीठाजवळ मुनिरकात खोली घेऊन राहिले. मग पीएचडीच्या आधी एक वर्ष संशोधनासाठी शिष्यवृत्ती मिळाली आणि मी गेले. विषय होता मराठी आणि चिनी भाषांतले नात्यांचे शब्द. जाताना फार उत्साह होता असं आई सांगते. मला तो आता आठवत नाही.

लानचोउ, सप्टेंबर

परदेशी विद्यार्थ्यांच्या होस्टेलची दुरुस्ती चालू होती, म्हणून आम्हाला बाहेर राहायची परवानगी मिळाली. कॅन्टीनच्या दाराशी एक चिठ्ठी चिकटवलेली होती: 'रूममेट हवी. मुलगी. शांत.' खाली लिहिलेल्या पत्त्यावर गेले तर घर सहाव्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दार उघडणारी मुलगी माझ्याच वयाची, सत्तावीसची असेल. आखूड केस, कानांत पिवळे बोळे. एक बोळा काढून तिने विचारलं, "गाणी लावतेस?"

"नाही."

"स्वयंपाक करतेस?"

"करते."

"वास येतो?"

"येतो."

तिने जरा विचार केला. "चालेल," म्हणाली, आणि बोळा परत कानात घातला.

परदेशी माणूस खासगी घरात राहायला आला की चोवीस तासांत पोलीस चौकीत नोंद करावी लागते. गाओ यान माझ्याबरोबर आली. माझ्या पासपोर्टवर नावापुढे वडिलांचं नाव आहे, आणि तिथल्या फॉर्ममध्ये अशा नावाला जागाच नव्हती. काउंटरवरचा माणूस आणि गाओ यान तासभर वाद घालत होते. शेवटी छापील कागद हातात आला त्यावर मी 'सुधीर' झाले होते. "बदलून आणू?" तिने विचारलं. मी इतकी दमले होते की राहू दे म्हटलं. वर्षभर त्या कागदावर मी माझे बाबा होते.

तिच्या खोलीत टेबलावर, पलंगाखाली, खिडकीत सगळीकडे एकाच प्रकारची जाड पुस्तकं होती. तिसऱ्या दिवशी मी विचारलं. सरकारी नोकरीची परीक्षा. दोनदा देऊन झाली होती, ही तिसरी खेप. त्याआधी ती एका खासगी क्लासमध्ये मुलांना गणित शिकवायची. सगळे त्याला शाळाच म्हणायचे. मग नियम बदलले, देशभरातले असे क्लास बंद पडले, तिचाही पडला. आता ती सकाळी चार तास एका औषधाच्या दुकानात उभी राहायची आणि उरलेला दिवस अभ्यास.

मला काही नवीन वाटलं नाही. मुनिरकात माझ्या शेजारच्या खोलीत बिहारची एक मुलगी चौथा अटेम्प्ट देत होती. तिचे डोळे असेच लाल असायचे, आणि अशीच ती एका हाताने जेवायची आणि दुसऱ्याने पानं उलटायची.

"घरचे काय म्हणतात?" मी विचारलं.

"घरच्यांसाठी मी अजून शिकवते," गाओ यान म्हणाली.

मी पुढे काही विचारलं नाही. आपल्याला काय करायचंय, असं वाटलं.

जेवणाची रड पहिल्या आठवड्यातच सुरू झाली. लानचोउ म्हणजे बीफ नूडल्सचं शहर. सकाळी सहापासून दर चौथ्या दुकानासमोर लोक वाडगे घेऊन उभे असतात. मी बीफ खात नाही. एका दुकानदाराने मोठ्या मनाने सांगितलं, "मग मांस काढून देतो." रस्साही त्याचाच असतो हे त्याला कसं समजावायचं? मी अंडी आणि बटाटे यांवर आले. बटाटे मात्र घरात कायम असत. गाओ यानचे वडील महिन्याला एक पोतं बसने पाठवायचे आणि ती स्टँडवर जाऊन घेऊन यायची. ती बटाटा दोऱ्यासारखा बारीक चिरून, सुकी मिरची आणि व्हिनेगर घालून दोन मिनिटं मोठ्या आचेवर परतायची. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा मी म्हटलं, "हा कच्चा आहे." दुसऱ्या दिवशी मी आपली बटाट्याची भाजी केली, हळद-मोहरी घालून. तिने एक घास घेतला. "हा मेला आहे," म्हणाली. मग दोघींनी दोन्ही खायला सुरुवात केली, कारण वेगवेगळं शिजवायची ताकद दोघींतही नव्हती.

लानचोउ, थंडीचे महिने

नोव्हेंबरात सगळ्या शहराचं हीटिंग एकाच दिवशी सुरू होतं. बाहेर पाणी गोठतं आणि घरात माणूस टी-शर्टवर बसतो. दिल्लीत आम्ही तीन स्वेटर घालून रजईत बसतो, तर हे सुख मला भोगता यायला हवं होतं. पण त्या कोरड्या उष्णतेत दिवसभर झोप यायची. माझ्या मार्गदर्शक बाईंना तक्ते हवे होते. चुलतभावाला काय म्हणतात, आतेभावाला काय, नवऱ्याच्या धाकट्या भावाच्या बायकोला काय. मी तक्ते करत होते. ऐंशी पानं झाली आणि एके दुपारी माझ्या लक्षात आलं की यातल्या शब्दाने कुणी खरंच कुणाला हाक मारताना मी ऐकलेलं नाही. तरी पुढचा तक्ता आखला.

गाओ यान आणि मी दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलत असू. भांडण नाही, मैत्री म्हणावी असंही काही नाही. आजारी पडले तेव्हा तिने गरम पाण्याचा थर्मास दाराशी ठेवला आणि दार वाजवून निघून गेली. चिनी नववर्ष जवळ आलं, विद्यापीठ बंद झालं, कॅन्टीन बंद झालं, बाजारसुद्धा बंद होणार होता. ती म्हणाली, "इथे एकटी काय खाणार? माझ्या घरी चल."

तिंगशीजवळचं गाव, नववर्ष

गावच्या बसमध्ये, अर्ध्या वाटेवर, ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "एक सांगायचं राहिलं. तू माझ्या शाळेत इंग्रजी शिकवतेस."

"मी?"

"सप्टेंबरपासून."

"यार, तू मुझे अब बता रही है?" मी चक्क हिंदीत म्हणाले. तिला कळलं असावं. "आधी सांगितलं असतं तर तू आली नसतीस," ती म्हणाली. खरं होतं ते.

तो सगळा मुलूख पिवळ्या मातीचा आहे. डोंगर वरपासून खालपर्यंत पायऱ्यांसारखे कापलेले, प्रत्येक पायरी म्हणजे शेत, आणि त्या दिवसांत शेतात काही नाही, फक्त सरींमध्ये थोडं बर्फ. घर मातीच्याच रंगाचं. झोपायला विटांचा मोठा ओटा असतो, खालून जाळ घालून तापवलेला. त्यावर घरातल्या बायका आणि मी ओळीने झोपायचो, एक कूस भाजायची आणि नाक गार पडायचं.

चिनीत मैत्रिणीच्या आईला 'आयी' म्हणतात. माझ्या तक्त्यात हा शब्द पान बारावर होता, शेजारी मराठीत 'मावशी'. पण दारात उभ्या असलेल्या त्या ठेंगण्या, लाल गालांच्या बाईला मी तोंडाने 'आयी' म्हटलं आणि माझा आवाज विचित्र झाला. तिने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेऊन चोळले. "हात किती गार! शाळेत हीटिंग नाही का?"

"आहे, आयी," मी म्हणाले. पहिलं खोटं असं झालं.

मग ते थांबेना. आयीला सगळं हवं होतं. मुलं ऐकतात का? गाओ यान ओरडते का? दुपारचं जेवण शाळा देते का? मी तिची काळजी कमी व्हावी म्हणून एक कॅन्टीन बांधलं. छान, स्वच्छ, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून नदी दिसते. गाओ यान शेजारी बसून मुकाट्याने पीठ लाटत होती. शेजारच्या बायका येऊन मला बघून जात. त्यांना आयी सांगे, "परदेशी शिक्षक आहेत हिच्या शाळेत!" आयी बटाट्याला 'यांग्यू' म्हणायची. पुस्तकातला शब्द वेगळा आहे, तो मी वापरला की सगळ्या हसायच्या. मला आठवलं, दिल्लीत मी 'तोरई' म्हटलं की माझी आई कळवळून म्हणते, "अगं, दोडका म्हण, दोडका."

वडील फार बोलत नसत. मला 'लाओशी' म्हणायचे, म्हणजे सर किंवा बाई. मी त्यांना 'शूशू' म्हणायचे, काका. त्यांची सकाळ ठरलेली होती. शेगडीवर मुठीएवढं काळं मडकं ठेवायचं, त्यात भरपूर चहापत्ती, आणि तो उकळून उकळून औषधासारखा कडू झाला की घोटभर प्यायचा. चौथ्या सकाळी मायलेकी शेजारी गेल्या होत्या. शूशूंनी मला शेगडीजवळ बसायला खुणावलं, एक घोट माझ्या कपात ओतला. मी तोंड वाकडं केलं, ते हसले. मग म्हणाले, "ईशा." पहिल्यांदाच नावाने.

"त्या शाळेला तिसरा मजला नाही."

मी कप धरून बसले.

"ऑक्टोबरमध्ये मी स्वतः पोतं घेऊन गेलो होतो," ते सावकाश, मला कळेल अशा भाषेत सांगत होते. "तिला न सांगता. शाळेचा पत्ता माझ्याकडे होता. शटर खाली होतं, त्यावर धूळ. बाजूच्या दुकानदाराने सांगितलं, दोन वर्षं झाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

"पोतं स्टँडवर नेलं. बसवाल्याकडे दिलं, नेहमीसारखं. आणि घरी आलो." त्यांनी मडक्यात पाणी घातलं. "ती काय करते?"

मी सांगितलं. परीक्षा, पुस्तकं, दुकान.

"परीक्षा कधी?"

"मार्चमध्ये."

"जेवते?"

"बटाटे जेवते, शूशू."

त्यांनी मान हलवली. "मला माहीत आहे हे तिला सांगू नकोस. कळलं तर ती घरी यायची बंद होईल. पास झाली तर स्वतःच सांगेल." मग थोड्या वेळाने, "तिच्या आईला कॅन्टीन आवडलंय. राहू दे."

बाहेर फटाक्यांच्या माळा सुटत होत्या. मला त्या घरातून उठून कुठेतरी जाऊन नुसतं पडावंसं वाटलं. पण जायचं कुठे? मायलेकी परत आल्या आणि मी दुपारभर शाळेबद्दल बोलत राहिले, आता शूशूही समोर बसून ऐकत असताना.

पुन्हा लानचोउ

मार्चमध्ये तिथे धुळीची वादळं येतात. आपल्याकडे दिल्लीत मे-जूनमध्ये येते ती आंधी तासाभरात पाऊस टाकून निघून जाते. तिथे आकाश तीन-तीन दिवस पिवळं राहतं. दाताखाली कचकच, उशीवर थर. अशाच एका शनिवारी गाओ यानने परीक्षा दिली. परत आली, बूट काढले आणि चौदा तास झोपली.

नववर्षानंतरच्या त्या तीन महिन्यांत मी तिला सांगायला किती वेळा तिच्या दाराशी गेले ते मोजलं नाही. दर रविवारी ती घरी फोन करायची, शाळेतल्या गमती सांगायची. पलीकडे शूशू ऐकत असणार. मी भिंतीच्या या बाजूला तक्ते करत बसलेली असायचे. माझ्या मनात एकच हिशेब होता: ती पास होईल आणि मी सुटेन.

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. एका जागेसाठी मुलाखतीला तिघांना बोलावतात. ती चौथी होती.

दोन दिवस ती खोलीबाहेर आली नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात आली, चेहरा धुतलेला, अगदी शांत. "मेच्या सुट्टीत मी घरी जाणार नाही," ती म्हणाली. "तू आईला फोन कर. सांग, शाळेने मला ट्रेनिंगला दुसऱ्या शहरात पाठवलंय. तुझ्यावर तिचा विश्वास आहे."

मी भांडी घासत होते. मला खरंच काही धाडस वगैरे करायचं नव्हतं. मी फक्त थकले होते.

"मला आता होत नाही," मी म्हणाले. "आणि उपयोगही नाही. तुझ्या वडिलांना माहीत आहे."

मग सगळं सांगितलं. शटर, धूळ, पोतं, बसवाला. ती ऐकत उभी होती.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"नववर्षापासून."

"म्हणजे मी दर रविवारी बोलत होते," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही दोघं ऐकत होतात."

"त्यांनीच सांगू नको म्हटलं."

"तू माझ्याबरोबर राहतेस की त्यांच्याबरोबर?"

तिने कानात बोळे घातले आणि दार लावून घेतलं.

त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे आम्ही बोललो नाही. फ्रिजवर चिठ्ठ्या असायच्या. 'गॅस बंद कर.' 'मशीन रिकामं आहे.' ती माझी बटाट्याची भाजी खात नसे आणि मी तिची. सहा मजले चढून घरी यायचं आणि आत कुणीतरी आपल्यावर रागावलेलं असायचं, याचा शीण मला शब्दांत सांगता येत नाही. एक दिवस तर मी चौथ्या मजल्याच्या पायरीवरच अर्धा तास बसून राहिले. खालच्या घरातल्या आजीने विचारलं, "किल्ली हरवली का?" मी हो म्हटलं.

मग एका दुपारी गाओ यान माझ्या दारात उभी राहिली.

"ते किती वेळ उभे होते? शटरसमोर?"

"मी विचारलं नाही."

"पोतं खांद्यावर होतं का खाली ठेवलं होतं?"

"गाओ यान, मला माहीत नाही."

ती माझ्या पलंगाच्या कडेवर बसली आणि तिथूनच तिने फोन लावला. ती त्यांच्या बोलीत बोलते तेव्हा मला अर्धंच कळतं. आधी पेरणीचं बोलणं झालं. पाऊस झाला का, बियाणं कुठून आणलं. मग फोन चालू आहे ना म्हणून तिने एकदा कानापासून दूर धरून बघितला.

"बाबा," ती म्हणाली, "शाळा बंद झाली."

पलीकडून मला ऐकू आलं ते फक्त "हं". मग शूशू काहीतरी म्हणाले आणि ती डोळ्यांवर हात धरून वाकली. नंतर मी विचारलं, काय म्हणाले? ती म्हणाली, "म्हणाले, मग शनिवारी ये. यांग्यू लावायला माणूस कमी आहे."

ती गेली. आयीने दोन दिवस रडून घेतलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्यासाठी निरोप पाठवला की कॅन्टीन नव्हतं तर मग ही पोरगी दोन वर्षं दुपारी काय खात होती. गाओ यानने तो मला जसाच्या तसा फोनवर सांगितला. आम्ही दोघी हसलो. माफी कुणी मागितली नाही.

जूनअखेर माझी निघायची वेळ आली तेव्हा ती एक दिवसासाठी परत आली. तालुक्याच्या गावी बियाण्याच्या एका गोदामाच्या ऑफिसात तिला काम मिळालं होतं. पुन्हा परीक्षा देणार का, हे मी विचारलं नाही. तिने माझी बॅग सहा मजले खाली उतरवली. विमानतळाच्या बसच्या रांगेत उभ्या असताना म्हणाली, "तुझ्या आईला माझ्याबद्दल काय सांगितलंयस?"

मी बॅगेचा पट्टा सारखा करू लागले. ती बघत राहिली.

"शिक्षिका आहेस म्हणून," मी म्हणाले. "नोकरी नसलेल्या मुलीबरोबर राहते म्हटलं असतं तर ती काळजी करत बसली असती."

गाओ यान इतकी हसली की रांगेतल्या लोकांनी वळून पाहिलं. मग बस आली.

लक्ष्मीबाई नगर, जुलै

घरी आले त्याच सकाळी आई दोडका चिरत बसली होती. बाबा ऑफिसला गेले होते. मी स्टूल ओढून तिच्यासमोर बसले आणि गाओ यानची सगळी हकिगत सांगितली. शाळा, शटर, चौथा नंबर, सगळं. आई मध्येच चिरायची थांबली.

"आणि मला शिक्षिका म्हणून सांगितलंस ते?"

"खोटं."

"कुणी सांगितलं होतं तुला खोटं बोलायला?"

"कुणी नाही."

मग आईने विचारलं, "तुझं स्वतःचं तरी खरं आहे ना सगळं? बाबांनी ऑफिसात सगळ्यांना सांगितलंय, पोरगी आता पीएचडीला बसणार."

हो म्हणणं अगदी सोपं होतं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"नाही आई," मी म्हणाले. "मला पुढे नाही करायचं. दिवाळीपासूनच नको वाटत होतं. मला काय करायचंय ते माहीत नाही, पण हे नाही."

आईने उरलेला दोडका चिरला, ताट बाजूला सारलं. रागावली असावी, किंवा नसेलही. तिच्या चेहऱ्यावरून मला कधीच कळत नाही.

"बाबांना संध्याकाळी तूच सांग," ती म्हणाली. "मी नाही सांगणार."

"सांगते."

"मग आता जाऊन पड जरा. काय अवतार झालाय."

मी आतल्या खोलीत गेले, पंखा लावला. बाबा येऊन दार वाजवेपर्यंत झोपले.